यंदा झाप बांधायचे का?

विश्रामबाग, सांगली
१९ एप्रिल १९९८

देवदत्त,

रविवार, १२ एप्रिल, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटं. त्या वेळी तू इंग्लंडहून तुझ्या वडिलांना फोन केलास, आणि त्या मिनिटापासून या घरात मला जिवंत माणूस म्हणून कुणी वागवलेलं नाही. ईस्टरचा दिवस होता. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं की त्या दिवशी मेलेला उठतो. इथे बसलेल्या बाईला आडवं केलं गेलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात वाल सोलत होते. सुमंत फोनवर नेहमी ओरडतो, इंग्लंड लांब आहे म्हणून. त्या दिवशी तो मधूनच हळू बोलायला लागला. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं. "नको, नको. ताईला काही कळता कामा नये." फोन ठेवल्यावरही त्याने रिसीव्हरवरचा हात उचलला नाही. मग माझ्याकडे बघून हसला. माझा भाऊ साठ वर्षांत माझ्याकडे बघून असा कधी हसलेला नाही.

माझ्या हाडातल्या मज्जेच्या तपासणीचा निकाल आला, एवढं समजायला मला डॉक्टर व्हावं लागलं नाही. पस्तीस वर्षं मी पाचगणीत मुलींना जीवशास्त्र शिकवलं. तुलाही एका सुट्टीत बेडकाचं हृदय दाखवलं होतं आणि तू ओकला होतास, ते विसरला नसशील.

आता तुझा गुन्हा. डिसेंबरात तू आलास, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी माझ्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली आणि तू ती थर्मासात घालून नेलीस. त्याआधी तू मला समोर बसवून सांगितलंस, "आत्या, हे फक्त संशोधन आहे. नियम असा, की निकाल रुग्णाला सांगायचा नाही." मी म्हटलं, चालेल. सही केली. नियम पाळला असतास, तर मी चारचौघांत तुझं कौतुक केलं असतं. पण तुला तो मोडायचाच होता, तर माझ्यासाठी मोडायचास. हाड माझं होतं, सुमंतचं नव्हे.

त्या फोननंतर काय चाललंय ते ऐक. सकाळी शिरा. दुपारी शिरा. तुझी आई भार्गवी, जी माझ्या भाकरीला रोज नावं ठेवायची, ती आता म्हणते, "तुमचंच बरोबर, वन्सं." परवा मी मुद्दाम म्हटलं, की आमटीत मीठ नसतं तेव्हाच ती चांगली लागते. त्यावरही म्हणाली, "हो, तेही खरंच." मला घाम फुटला.

माझ्या खोलीला बाहेरून कडी नाही. घरात कुणी मला कोंडलेलं नाही, असं तू शेजाऱ्यांना शपथेवर सांगू शकशील. फक्त माझ्या चपला गेल्या आहेत. विचारलं की "धुळीने जंतू लागतील" म्हणतात. खिडकी उघडी ठेवायची नाही, जंतू. शेजारच्या बाईंशी बोलायचं नाही, जंतू. एप्रिलच्या सांगलीत बंद खिडकीआड बसलेल्या बाईला जंतू काय निराळं करणार आहेत, ते विज्ञानाने मला समजावून सांगावं. महिन्यातून एकदा रक्त चढवायला नेतात, तेवढाच रस्ता दिसतो. तेव्हाही रिक्षाचे पडदे खाली.

सुमंतसुद्धा बदललाय. सकाळी देवांना अंघोळ घालणं त्याने बंद केलंय. इतकी वर्षं पळी-पंचपात्रीचा आवाज करून माझी झोप मोडायचा, आता नुसतं लांबून ओवाळतो आणि देव्हाऱ्यात वाकून बघत बसतो. आपल्या कुलदेवीशी, यमाईशीही बहुधा त्याचं बोलणं बंद आहे.

निकाल काय आहे ते मला लेखी कळव. माझ्या नावाने. पत्राच्या कोपऱ्यातला डाग कोकमाचा आहे.

सुहासिनी आत्या

(आशीर्वाद उत्तर आल्यावर.)


विश्रामबाग, सांगली
३ मे १९९८

देवदत्त,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर ससा आहे. सशाच्या हातात फुगे आहेत. आत तू लिहिलं आहेस, "लवकर बरी हो आत्या, काळजी करू नकोस." मी सहासष्ट वर्षांची आहे. माझ्या वर्गात अशा उत्तराला मी शून्य देत असे, आणि शेजारी लाल शाईत लिहीत असे, प्रश्न पुन्हा वाचा.

तुला वाटलं असेल की म्हातारीला यातलं काही समजायचं नाही. तेव्हा मला काय समजतं ते लिहिते. चुकलं तर खोडून काढ.

माझी मज्जा रक्ताच्या पेशी नीट घडवत नाही. इथले डॉक्टर "मज्जा दमली आहे" म्हणतात, जशी काही ती पाणी भरून आली. या आजारात काही माणसं रक्त चढवत वर्षानुवर्षं जगतात. काहींना थोड्याच महिन्यांत रक्ताचा कर्करोग होतो. कोण कुठल्या वाटेने जाणार, ते आधी ओळखता येईल का, हा तुझा अभ्यास. पेशीत एक जनुक असतं. ते पेशीला सांगतं, आता पुरे, वाढू नकोस. काही रुग्णांत ते जनुक तुटलेलं नसतं. त्यातलं एक अक्षरही चुकलेलं नसतं. पण त्यावर मिथाईलचे बारके गट चिकटून बसतात आणि ते गप्प होतं. एक कार्बन, तीन हायड्रोजन. एवढ्याशा गोष्टीने तोंड बंद. ज्यांचं ते जनुक असं झाकलेलं असतं, ती माणसं लवकर बिघडतात, असं तुला आढळलंय. बरोबर?

तू हे डिसेंबरात सांगत होतास, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे माझं पाचगणीचं घर आलं होतं. तिथे पावसाआधी घरांच्या भिंतींना बाहेरून गवताचे झाप बांधतात, नाहीतर भिंती पाणी पितात. झाप लागले की खिडक्या बुजतात आणि घर आतून काळोखं होतं. घर तेच, खोल्या त्याच, खुर्चीही जागेवर, पण बाहेरून हाक मारली तर उत्तर येत नाही. पाऊस संपला की झाप काढतात. माझ्या मज्जेतले काढायला कुणी आलं नाही, किंवा मुळात ते लागलेच नाहीत. यातलं काय खरं, एवढाच माझा प्रश्न आहे.

तो मी का विचारते, तेही तुला ठाऊक आहे. तूच म्हणाला होतास, की झाकलेलं निघालं तर वाट बघण्यात अर्थ नाही, पुण्याला नेऊन कडक औषधं द्यावी लागतील. त्यात केस जातील, भूक जाईल, आणि सगळा पावसाळा दवाखान्याच्या खाटेवर जाईल. झाकलेलं नसेल तर महिन्याचं रक्त घेऊन मी माझ्या घरी राहू शकते. म्हणजे प्रश्न पुणे की पाचगणी हा आहे. आणि तो फार दिवस ठेवता येणार नाही, कारण आकारामने निरोप पाठवलाय.

निरोप सलिमाने आणला. आमच्या शाळेत गणित शिकवायची ती. आता साताऱ्याला भावाकडे असते आणि मधूनमधून वर जाऊन माझं घर उघडते, झाडते. ती मंगळवारी आली. भार्गवीने तिला दारातच हातपाय धुवायला लावले, मग माझ्यापासून चार हात लांब खुर्ची दिली.

सलिमा मला न्याहाळून म्हणाली, "साताऱ्यात कळलं, तुला नजरकैदेत टाकलंय. दिसतेस तर नवाबासारखी. गाल बघ."

"शिऱ्याचे आहेत."

"मग रडतेस कशाला? माझा भाऊ मला चहाला सुद्धा विचारत नाही."

"मी रडत नाहीये. खोली गरम आहे."

"हो, हो. माझ्याही डोळ्यांना फार घाम येतो."

मग तिने आकारामची नक्कल करून दाखवली. दर वर्षी तोच माझे झाप बांधतो. तो म्हणाला म्हणे, "बाईस्नी इचारा, यंदा झाप बांदायचं का न्हाई? घरात मानूस ऱ्हानारच नसंल, तर उगा गवात कशाला वाया घालवायचं? पर न्हाई बांदलं तर भिती जात्यात बगा. मग म्होरल्या सालीबी कोन ऱ्हायाचं न्हाई."

सलिमा हसत होती. मी हसले नाही. माझ्याशी इतकं सरळ तीन आठवड्यांत कुणी बोललं नव्हतं.

तुझ्या अभ्यासात माणसं किती आहेत? एका एसटीत मावतील एवढी, असं तूच म्हणाला होतास. एसटीतल्या बहुतेकांचं जे झालं ते माझंही होईलच, असं मी मानणार नाही. सरासरी म्हणजे काय ते मला कळतं. पण एसटी कुठली, हे तरी मला सांगितलं पाहिजे.

हे पत्र सलिमा साताऱ्याहून टाकेल. सुमंतच्या हाती दिलं असतं तर त्यालाही जंतू लागले असते. पुढचं उत्तर सशाशिवाय यावं.

सुहासिनी आत्या


विश्रामबाग, सांगली
१८ मे १९९८

देवदत्त,

मागच्या सोमवारी सरकारने वाळवंटात अणुस्फोट केले आणि त्याच संध्याकाळी दूरदर्शनवर सांगून टाकलं. सुमंतने गल्लीत पेढे वाटले. मी म्हटलं, देशाचं एवढं मोठं गुपित एक दिवस टिकत नाही, आणि माझ्या हाडातलं पाच आठवडे टिकतं. त्याने पेढा माझ्या हातावर ठेवला आणि तो निघून गेला.

पण ते टिकलं कसं, ते आता मला कळलंय. म्हणून माझं पहिलं पत्र थोडं दुरुस्त करायला हवं. माफी मागत नाही. वाचल्यावर तुला कळेल, का ते.

गुरुवारी दुपारी मी पडले होते आणि जमिनीवरून मुंग्यांची रांग चालली होती. करायला दुसरं काही नसल्यामुळे मी तिच्यामागे गेले. भिंतीकडेने, स्वयंपाकघरातून, थेट देव्हाऱ्यात. नैवेद्याची वाटी रिकामी होती. मुंग्या यमाईच्या टाकावर चढत होत्या. चांदीच्या त्या छोट्या टाकाच्या उजव्या बाजूला एक आणि डाव्या बाजूला एक अशा मोगऱ्याच्या दोन पाकळ्या चिकटलेल्या होत्या. वाळून तपकिरी झालेल्या, कागदासारख्या. मी बोट लावून बघितलं. मध.

आपल्या घरात कौल कसा लावतात ते तुला माहीत आहे. ओल्या पाकळ्या टाकाला लावायच्या, प्रश्न सांगायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्या पाण्याने लावतात. मधाने कुणी लावत नाही. मधाने लावली तर देवीने तरी काय करावं?

मी भार्गवीला हाक मारली. ती आली, टाकाकडे बघितलं, माझ्या बोटाकडे बघितलं आणि तिथेच पाटावर बसली.

"ह्यांनी पाण्याने लावल्या होत्या," ती म्हणाली. "हे चूळ भरायला गेले तेव्हा मी काढून मधाने लावल्या."

"प्रश्न काय विचारला होता? ताईला सांगू का, हाच ना?"

"नाही, वन्सं. निकाल ऐकू का, असं विचारलं होतं."

मला काही समजेना. ती म्हणाली, "आम्हाला तरी कुठे माहीत आहे? देवदत्त म्हणाला, निकाल आलाय, सांगू का बाबा? हे म्हणाले, थांब, आधी यमाईला विचारतो, ती हो म्हणाली की तुला फोन करतो. आणि तोवर ताईला काही कळता कामा नये."

देवदत्त, या घरात कुणालाच काही माहीत नाही. पाच आठवडे शिरा चालू आहे, चपला गायब आहेत, खिडक्या बंद आहेत, आणि हे सगळं अंदाजाने. माझं सुतक अंदाजाने चाललंय.

मी विचारलं, "तू मध का लावलास?"

"उजवी पडली असती तर ह्यांनी ऐकलं असतं. ह्यांच्या तोंडावर काही लपतं का? तुम्ही लगेच ओळखलं असतं. आणि ओळखल्याबरोबर पिशवी भरली असती. पुण्याला नाहीतर पाचगणीला."

"मग? तुला सुटल्यासारखं झालं असतं."

"आणि दुपारी मी भांडू कुणाशी?" ती म्हणाली. "ह्यांच्याशी? हे तर झोपतात."

चार वर्षांपूर्वी तू गेलास, तेव्हापासून ही बाई या घरात कुणाशी बोलते, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तुला पडला होता का? मी तिला म्हटलं की तुझी आमटी अळणी असते. ती म्हणाली, "तुमच्या जिभेला चव राहिली नाही, त्याला मी काय करू?" फार बरं वाटलं.

संध्याकाळी सुमंत आला. मी टाक हातात घेऊनच बसले होते.

"तुला निकाल माहीत नाही?"

"नाही."

"मग तो वाईट आहे, हे कुणी सांगितलं?"

"तो 'आलाय' म्हणाला आणि मग गप्प झाला, ताई. बराच वेळ. चांगला असता तर गप्प झाला असता का?"

"अरे, इंग्लंडच्या फोनला वेळ लागतो! आवाज आभाळात जाऊन येतो."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की त्याच्या सातव्या वर्षीचा चेहरा मला दिसला. तेव्हाही याला भूमिती समजत नसे. ती शांतता तुझी होती की उपग्रहाची, हे त्याला ठरवता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही येत नाही. म्हणून मी तुला फोन करणार नाही. तू जर बोलायच्या आधी थांबलास, तर त्या थांबण्यातच मला उत्तर ऐकू येईल, आणि कदाचित ते खोटं असेल. कागद थांबत नाही. तो मला हवा तेव्हा मी उघडीन.

मी टाक कोमट पाण्याखाली धरला. सुमंत "अगं, अगं" करत राहिला. दोन्ही पाकळ्या एकदमच सुटल्या आणि माझ्या तळहातावर आल्या.

"ताई, आता याचा काय अर्थ घ्यायचा?"

"देव धुतले, असा घ्यायचा. उद्यापासून रोज धू."

आता तुझ्याबद्दल. तू नियम मोडलेला नाहीस. निकाल तू कुणालाच सांगितला नाहीस, हे मला मान्य आहे. पण तू सुमंतला विचारलंस, मला नाही. मग सुमंतने देवीला विचारलं, आणि तू थांबलास. एवढा शिकलेला, प्रयोगशाळेत बसणारा माणूस मोगऱ्याच्या पाकळ्या पडायची वाट बघत राहिला, कारण ते सोयीचं होतं. तुझी आई निदान धीट निघाली. तिने मध लावला. तू ससा पाठवलास.

चपला मला परत मिळाल्या. पिठाच्या डब्यामागे होत्या. शुक्रवारी सकाळी त्या घालून मी निघाले. कुठे, ते ठरवलं नव्हतं, फक्त फाटकाबाहेर. फाटकापर्यंत गेले आणि पुढे जाता आलं नाही. धाप लागली, नाकातून रक्त आलं, भार्गवीने पदर लावला आणि मला आत आणलं. पहिल्या पत्रावरचा डागही कोकमाचा नव्हता. तेव्हा यापुढे दार कुणी अडवलंय, असं मी म्हणणार नाही. ते माझ्या आतूनच बंद होत चाललंय. किती वेगाने, हे एकट्या तुला माहीत आहे, आणि तू गप्प आहेस.

तर आता हे नीट वाच. सही करताना नियम मी मान्य केला होता. आज मी तो माझ्यापुरता मागे घेते. हे पत्र म्हणजे माझी लेखी परवानगी. तुझ्या वरिष्ठांना दाखव.

आकारामला सलिमाने पाच जूनपर्यंत थोपवून धरलंय. मृग सातला लागतो. त्याच्याआधी दोन दिवसांत तो घाईघाईने बांधून देईल, त्यानंतर नाही. गवत आणून ठेवलंय म्हणाला.

म्हणून शुक्रवार, ५ जूनच्या आत तुझं उत्तर लेखी, माझ्या नावाने, या पत्त्यावर आलं पाहिजे. भार्गवी ते न फोडता माझ्या हातात देईल. तिने तसं कबूल केलंय, आणि तिच्या हाताला आता मध लागलेला नाही. एक पान पुरे. पहिल्या ओळीत झाकलेलं आहे किंवा नाही, एवढंच. दुसऱ्या ओळीत तुझ्या एसटीतली किती माणसं अजून बसलेली आहेत. त्याखाली तुझी पूर्ण सही. "काळजी करू नकोस" असे शब्द दिसले तर पत्र परत पाठवीन.

उत्तर वाचून मी पुणे निवडीन की पाचगणी, ते मला विचारू नकोस. आईवडिलांनाही विचारू देऊ नकोस. तो कौल मी कुणाला लावू देणार नाही.

आणि पाच तारखेपर्यंत काहीच आलं नाही, तर मी आकारामला चारही भिंतींना झाप बांधायला सांगेन. ऑक्टोबरात ते काढायला मी तिथे उभी असेन, असं धरून चालेन. ते चूक असेल, तर ते खोडून काढण्याची जबाबदारी तुझी आहे. पाच जूनच्या आत. लाल शाईत लिहिलंस तरी चालेल.

सुहासिनी आत्या